गाडी उचलण्यापूर्वी

इंदूरच्या एका वाचक-भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. पत्र छोटेसेच आहे. त्यांच्या घरी एक जुनी व्हॅन आहे. आठवडाभर ती घरच्या खानावळीचे डबे पोहोचवते आणि रविवारी अंगणात विसावते. रविवार उजाडला, की त्यांचे यजमान आणि अकरावीत शिकणारा मुलगा जॅक लावून गाडी वर उचलतात आणि तिच्याखाली शिरून काही ना काही दुरुस्ती करीत बसतात. “दोघांचे पाय तेवढे बाहेर दिसत असतात,” असे लिहून त्या विचारतात, “मी काळजी बोलून दाखवली, की दोघेही हसतात. माझी काळजी वेडेपणाची आहे काय?”

या सदरात विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना दोन्ही बाजू मांडण्याची आमची रीत आहे. या प्रश्नाला मात्र दुसरी बाजू नाही. या भगिनींची काळजी अगदी रास्त आहे. घरच्या माणसांनी आपल्या गाडीची किरकोळ दुरुस्ती आपल्या हातांनी करावी, हे चांगलेच. त्यात पैसा वाचतो आणि मुलाला यंत्राची ओळख होते. परंतु केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली अंगाचा कोणताही भाग नेऊ नये, हा नियम या कामात सर्वांत पहिला आहे आणि तो मोडण्यास कोणतीही सबब पुरेशी नाही. असे का, हे नीट ध्यानात आले म्हणजे पुढची सारी खबरदारी आपोआप सुचत जाते. यास्तव आरंभ जॅकपासूनच करू.

लहानशा रिकाम्या व्हॅनचे वजन साधारणपणे एक हजार किलोच्या आसपास असते. तिचा एक कोपरा उचलायचा म्हणजे अडीचशे-तीनशे किलो भार पेलायचा, म्हणजेच पन्नास किलोची पाच-सहा पोती एकदम उचलायची. हे काम घरातील कोणीही माणूस जॅकच्या साह्याने एका हाताने करू शकतो. यामागचे तत्त्व सोपे आहे. समजा, तेलावर चालणाऱ्या जॅकमध्ये दोन दट्ट्ये आहेत. लहान दट्ट्याचा व्यास १ सेंटिमीटर आणि मोठ्याचा ३ सेंटिमीटर. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पसरतो, हा पास्कलने सतराव्या शतकात सांगितलेला नियम शाळेत आपण सर्वांनीच पाठ केलेला असतो. मोठ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ नऊपट, म्हणून जोरही नऊपट. त्यात जॅकचा दांडा तरफेचे काम करून हाताचा जोर आणखी पंधरापट वाढवीत असेल, तर एकूण १३५ पट झाली. तीनशे किलोंसाठी मग हाताला अडीच-तीन किलोंचा जोर पुरतो. याच तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा याने १७९५ साली घेतले होते. आजचा बाटलीच्या आकाराचा जॅक त्याच यंत्राचा धाकटा वंशज होय.

पण निसर्गाच्या बाजारात फुकट काही मिळत नाही. जितक्या पटीने जोर वाढतो, तितक्याच पटीने अंतर घटते. हाताने दांडा ३० सेंटिमीटर खाली दाबला, की गाडी जेमतेम २ मिलिमीटर वर सरकते. गाडीबरोबर मिळणाऱ्या कात्रीसारख्या जॅकमध्ये तेलाऐवजी मळसूत्र असते, एवढाच फरक. त्यातही फिरकी पुष्कळ फिरवावी तेव्हा गाडी थोडीशी उचलली जाते. सांगण्याचा मुद्दा असा, की हे सारे साधन भार वर नेण्यासाठी योजलेले आहे. वर नेलेला भार तासभर अचल धरून ठेवणे हे त्याचे कामच नव्हे. कात्री-जॅकची बैठक तळहाताएवढी असते आणि त्यावर तीनशे किलो तोललेले असतात. बाजूने थोडासा धक्का बसला, तर तो कलंडायला कितीसा वेळ लागणार? बाटली-जॅकमध्ये तेल अडवणारे वायसर झिजले, की तेल हळूहळू पाझरते आणि गाडी कोणाच्या ध्यानात न येता खाली उतरू लागते. त्यातला एखादा वायसर फाटलाच, तर ती हळूहळूही उतरत नाही.

शिवाय एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गाडीची उजवी बाजू उचलू लागलो, म्हणजे डाव्या बाजूची चाके बिजागरीसारखी होतात आणि गाडी सरळ वर न जाता कमानीत वर जाते. साहजिकच ज्या ठिकाणी जॅक टेकवलेला असतो, ते ठिकाणही थोडे आतल्या बाजूला सरकते. जॅकचा पाय मात्र जमिनीवर जागच्या जागी रुतलेला असतो. आरंभी ताठ उभा असलेला जॅक उंची वाढते तसा तिरपा होतो, याचे कारण हेच. गॅरेजमधील चाकांचा ट्रॉली-जॅक या सरकण्याबरोबर स्वतःही सरकतो. म्हणूनच त्याच्या चाकांखाली खडा, चिंधी किंवा खाच असता कामा नये.

हे सारे मी पुस्तकात वाचून लिहितो आहे, असे कोणी समजू नये. मी महाविद्यालयात असतानाची गोष्ट. सुट्टीत काकांच्या घरी गेलो होतो. शाळेच्या मुलांची ने-आण करणारी त्यांची व्हॅन होती. तिच्या सायलेन्सरची पट्टी सैल होऊन खडखडत होती. शाळा उघडण्याच्या आत ते काम उरकायचे, म्हणून एका सकाळी आम्ही गाडी उचलली. मृगाचा पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता आणि अंगण ओले होते. जॅकची उंची पुरेना, म्हणून मी त्याच्याखाली दोन विटा ठेवल्या. ती कल्पना माझीच, आणि त्या वेळी मला तिचा मोठा अभिमान वाटला होता. मागचे चाक काढून बाजूला ठेवले आणि मी छातीपर्यंत गाडीखाली सरकलो. नटाला पाना लावून पाहिला, तो बसेना. मी बारा नंबरचा पाना आणला होता आणि नट होता चौदाचा. मी बाहेर आलो आणि पेटीत चौदाचा पाना शोधू लागलो. एवढ्यात वीट फुटल्याचा आवाज झाला. मोठा आवाज नव्हे. कौल फुटावे तेवढाच. मी वळून पाहिले, तेव्हा गाडी खाली आलेली होती. चाकाच्या जागी उघडे असलेले ब्रेकचे ड्रम ओल्या मातीत चार बोटे रुतले होते.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या हातातला पाना घेतला आणि मला घरात जाऊन बसायला सांगितले. दुसऱ्या दिवशी ते बाजारातून लोखंडी स्टँडची जोडी घेऊन आले. मी चुकीचा पाना आणला म्हणून आज हे सदर लिहीत आहे. असा योग प्रत्येकाच्या वाट्याला येईल, या भरवशावर कोणी राहू नये.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

पहिला प्रश्न: गाडी उचलणे खरोखरच जरुरीचे आहे काय? पुष्कळ कामांना ते लागतच नाही. बॅटरी, दिवे, पट्टे, पाणी, वायपर ही सारी कामे गाडी जमिनीवर असतानाच होतात. घरी गाडी उचलण्याचे प्रसंग म्हणजे मुख्यतः पंक्चर झालेले चाक बदलणे, चाकांची अदलाबदल करणे आणि खालच्या भागाची पाहणी करणे. ब्रेक किंवा स्टिअरिंग उघडण्याचे काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे. खालून करायचे मोठे काम असेल, तर जेथे खड्डा किंवा यांत्रिक उचलणी आहे, तेथे गाडी नेलेली बरी.

दुसरी गोष्ट जागेची. जमीन सपाट आणि टणक हवी. फरशीचा किंवा सिमेंटचा भाग उत्तम. उतार असेल, तर तेथे गाडी उचलू नये. मग तो उतार डोळ्यांना कितीही अल्प दिसो. ओली माती, वाळू, सैल बसलेल्या सिमेंटच्या लाद्या आणि उन्हाळ्यातील दुपारी मऊ झालेला डांबरी रस्ता ही चारही ठिकाणे दगा देणारी आहेत. वाटेत पंक्चर झाले आणि इलाजच नसला, तर जॅकखाली जाड, सलग लाकडी फळी घालावी. फूटभर लांब-रुंद आणि निदान दीड इंच जाडीची फळी गाडीत कायमची ठेवावी. विटा कदापि घालू नयेत. वीट भिंतीत उत्तम भार सोसते, कारण तिथे तो तिच्या सर्व पृष्ठावर सारखा पसरलेला असतो. एका लहान जागी भार आला, की ती आधी सूचना न देता फुटते. पोकळ सिमेंटचे ठोकळे तर याहून वाईट.

तिसरी गोष्ट चाके अडवण्याची. येथे व्हॅनच्या मालकांनी विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे घरोघरी दिसणारी छोटी व्हॅन, म्हणजे १९८४ साली आलेली व पुढे ‘ओम्नी’ या नावाने ओळखली गेलेली मारुतीची गाडी, २०१९ साली बनायची बंद झाली. तरी जुन्या गाड्या अजून कामे करताना दिसतात. २०१० साली आलेली ‘ईको’ ही तिची धाकटी बहीण. या दोन्ही गाड्यांचे इंजिन पुढच्या आसनांखाली असले, तरी ते ओढते मागच्या चाकांना. हँडब्रेकही मागच्याच चाकांना लागतो. आता विचार करा. आपण हँडब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि समाधानाने मागची दोन्ही चाके उचलली. मग गाडीला जमिनीशी जखडून ठेवणारे काय उरले? काहीही नाही. ब्रेक आणि गिअर ज्या चाकांना धरून आहेत, ती चाके हवेत. आणि जमिनीवर टेकलेली पुढची चाके मोकळी. मागचे एकच चाक उचलले, तरी गिअरचा आधार जातो. कारण डिफरन्शियलमुळे वर उचललेले चाक उलट फिरून जमिनीवरच्या चाकाला वाट करून देते. अशा वेळी गाडी केवळ एका चाकाच्या हँडब्रेकवर उभी असते, आणि जुन्या गाडीच्या हँडब्रेकचा ताण किती सैल असतो, हे ज्याचे त्याला ठाऊक.

म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून लाकडी पाचरी लावाव्यात. एकच चाक अडवणे शक्य असेल, तर उचलायच्या चाकाच्या तिरप्या समोरचे चाक अडवावे. उजवे मागचे उचलायचे असेल, तर डावे पुढचे. गोल दगड लावू नये, तो चाकाबरोबर गडगडतो. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, किल्ली काढून आपल्या खिशात टाकावी. गाडीत कोणी बसलेले नको, सामानही नको. “बाळ झोपले आहे, राहू दे आत,” असे मुळीच म्हणू नये.

चौथी गोष्ट नटांची. चाकाचे नट सैल करण्यासाठी जो जोर लावावा लागतो, तो गाडी जमिनीवर असतानाच लावावा. प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करून ठेवला, म्हणजे गाडी उचलल्यावर तो बोटांनी निघतो. उचललेल्या गाडीवर पाय रोवून पाना ओढणे म्हणजे जॅक आपल्या हातांनी पाडणेच होय.

पाचवी गोष्ट, जॅक कोठे लावावा. प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत याच्या ठरावीक जागा चित्रासह दाखवलेल्या असतात. बहुधा त्या दरवाजाखालच्या कडेला, चाकांच्या जवळ असतात आणि तेथला पत्रा दुहेरी व मजबूत केलेला असतो. गाडीचा तळपत्रा, तेलाची किंवा इंधनाची टाकी, सायलेन्सर, स्टिअरिंगचे दांडे यांना जॅक लावू नये. जुन्या गाडीची ठरलेली जागादेखील गंजलेली असू शकते. पेचकसाच्या टोकाने टोचून पाहावे. पत्र्याची खपली निघाली, तर तेथे भार देऊ नये.

सहावी गोष्ट, उचलताना. घाई करू नये. चाक जमिनीवरून सुटण्याच्या बेतात आले, की थांबावे. जॅक ताठ आहे ना, त्याची बैठक जमिनीवर पूर्ण टेकली आहे ना, हे चहूबाजूंनी पाहावे. तो तिरपा वाटला, तर गाडी खाली उतरवून पुन्हा लावावा; हाताने ढकलून सरळ करू नये. कामाला लागेल तेवढेच उचलावे. चाक बदलण्यासाठी दोन-तीन इंच मोकळी जागा पुरे. उंची जितकी वाढते, तितका तोल कच्चा होतो.

चाक बदलतानाची एक युक्ती सर्वांनी लक्षात ठेवावी. गाडी उचलल्यावर स्टेपनीचे चाक जॅकजवळ, दरवाजाच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे. जॅक घसरलाच, तर गाडी त्या चाकावर टेकेल. ड्रम जमिनीवर आदळणार नाही आणि हात चिरडण्याचा धोका पुष्कळ कमी होईल. स्टेपनी बसवायची वेळ आली, की काढलेले चाक तिच्या जागी सरकवावे. (जाता जाता सांगायचे, तर ‘स्टेपनी’ हा आपल्या बोलीत रुळलेला शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावरून आला आहे. तेथे १९०४ च्या सुमारास जादा चाक तयार करण्याचा धंदा सुरू झाला.)

सातवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: स्टँड. चाक बदलण्यापलीकडचे कोणतेही काम असेल, तर लोखंडी स्टँडची जोडी असल्यावाचून ते हाती घेऊ नये. स्टँडला तेल नाही, मळसूत्र नाही, हलणारे काही नाही. तीन-चार पायांवर उभा राहून भार सोसणे एवढेच त्याचे काम, आणि म्हणूनच तो विश्वासू. त्यावर तो किती टन भार घेतो, हे कोरलेले असते; आपल्या गाडीच्या वजनाहून अधिक क्षमतेचा घ्यावा. दोन्ही स्टँड एकाच उंचीवर लावावेत, खीळ आरपार गेली आहे ना हे पाहावे, आणि मागच्या आसाच्या मजबूत नळीखाली किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या ठिकाणी ते ठेवावेत. मग जॅक सावकाश सैल करून गाडीचा भार स्टँडवर येऊ द्यावा. जॅक तेथेच, नुसता टेकलेला राहू द्यावा.

यानंतर एक परीक्षा घ्यायची. बाजूला उभे राहून गाडीला हाताने चांगला धक्का द्यावा. पुढे, मागे, आडवा. गाडी डुलली किंवा स्टँड करकरला, तर खाली उतरवून सारे पुन्हा मांडावे. आपण खाली असताना पडणारी गाडी आपण बाहेर असताना पडलेली बरी. ही परीक्षा उतरल्यावाचून कोणीही खाली जाऊ नये, आणि खाली जाताना घरातील एका मोठ्या माणसाला सांगून, त्याला हाकेच्या अंतरावर ठेवून जावे. पोरे, कुत्री-मांजरे दूर हवीत.

आठवी गोष्ट, उतरवताना. पाने, चिंध्या आणि हात बाहेर आहेत ना, हे पाहून गाडी सावकाश उतरवावी. नट बोटांनी बसवून मग समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. एकाशेजारचा दुसरा असे गोल फिरत गेल्यास चाक तिरपे बसते. शेवटचा जोर गाडी जमिनीवर टेकल्यावरच द्यावा. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालली, की नट पुन्हा तपासावेत. पाचरी काढायला विसरू नये.

एवढे करूनही दुर्दैवाने कोणी गाडीखाली सापडलेच, तर त्याला ओढून काढण्याची धडपड करू नये. तत्काळ ११२ क्रमांकावर मदत मागावी. शेजाऱ्यांना हाक मारावी. चाके अडवून दुसऱ्या जॅकने गाडी उचलावी, ती उचलली जाईल तसतसे खाली लाकडी ठोकळे सरकवीत जावे, आणि मगच माणसाला सांभाळून बाहेर घ्यावे. जखम वरून दिसली नाही, तरी रुग्णालयात नेलेच पाहिजे. छातीवर किंवा पोटावर आलेला भार आतल्या आत इजा करतो.

इंदूरच्या भगिनींना आता एवढेच सुचवावेसे वाटते. यजमानांना आणि चिरंजीवांना दुरुस्ती करू नका, असे सांगू नये. येत्या रविवारच्या आत स्टँडची एक जोडी, चार लाकडी पाचरी आणि एक जाड फळी घरात आणून ठेवावी. फळी व पाचरी कोपऱ्यावरचा सुतारही करून देईल. मग रविवारी सकाळी चहाचे कप घेऊन आपणच अंगणात जावे आणि गाडीला धक्का देण्याची ती परीक्षा स्वतःच्या हातांनी घ्यावी. ती उतरली, तर त्यांना खुशाल काम करू द्यावे. ती उतरली नाही, तर चहा निवला तरी चालेल. आधी दोघांना बाहेर बोलवावे.